गिळलेली ओळ

बेंगलोर, ९ ऑगस्ट २००४

ती. आक्कास शिवशरणचा शि. सा. न. वि. वि.

शरणु शरणार्थी. दाजी अंथरुणात उठून बसतात का ते कळव. मी बरा हाय, पण मन इथं लागत न्हाय.

वाईट कळवायचं हाय. तुमच्या टायपिंग केंद्रानं इंटरनेटसाठी खुणा घालून पाठवलेलं बाळाच्या औषधाचं पान आठवतंय? 'सहा महिन्यांपेक्षा लहान बाळाला देऊ नये' ही ओळ मूळ कागदावर इंग्रजीत होती, 'पेक्षा लहान'च्या जागी चोचीसारखी < ही खूण. तुम्ही घालता त्या खुणाबी त्याच चोचीनं सुरू होतात, म्हणून कॉम्प्युटरला ती आपलीच खूण वाटली आणि त्यानं अख्खी ओळ गिळली. कुणीतरी पान वाचून औषध दिलं. बाळ गेलं.

तुमची पानं इंटरनेटवर मीच लावतो म्हणून सायबांनी दोन प्रोग्राम चालवून बघायला दिलेत. मी सांगीन तो घेणार. पहिला मजकूर आला तसा खुणांत चिकटवतो, तपासायला तुम्ही लागताच. दुसरा स्वतःच खुणा उघडतो, मिटवतो, मजकुरातली चोच साधं अक्षर करून टाकतो. त्याला माणूस लागत न्हाय. मी पहिलाच सांगतो की. तुझ्या हातावर घर हाय. माझ्यासारख्या सातवी नापासाला कोण जाब विचारतंय?

तुझा शिवशरण

मंगळवार पेठ, कोल्हापूर, १६ ऑगस्ट

चि. शिवशरण यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

दाजी तसेच. सातवी नापास म्हणून मिरवू नकोस, गाढवा.

तुझं पत्र केंद्रातल्या पोरींना वाचून दाखवलं. त्यातली भूमिका रडली. दुसऱ्याच दिवशी तसलीच चोच आली आणि तिनं तशीच पुढं ढकलली. रागावले, तर म्हणाली, मूळ मजकुराला हात लावायचा न्हाय हे तुम्हीच शिकवलंय की. ओळीओळीवर बोट लावून तपासणारी मी, पण औषधाच्या पानावरची चोच मलाबी दिसली नव्हती.

दुसराच सांग. माझ्यासाठी पहिला घेतलास तर राखीला उंबऱ्यात उभा करणार न्हाय.

तुझी आक्का

बेंगलोर, २३ ऑगस्ट

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

दुसरा सांगितला. पुढच्या महिन्यापासून तुमच्याकडं पानं येणार न्हाईत. सायबांनी तुमच्याबद्दल एक शब्द विचारला न्हाय. भूमिकाला तू सांग, मला जमणार न्हाय.

पहिल्यांदा तेच औषधाचं पान त्यातनं काढलं. ओळ आता दिसत्या, आक्का. सगळ्यात वर हाय. लांबनंबी वाचता येती.

राखी पाठवलीस तर बांधीन. न पाठवलीस तरी माया ठेव.

तुझा शिवशरण