शर्यतीच्या दगडावरचे नाव

मी, साबिरा मामबेतोवा, वय पंच्याहत्तर, निवृत्त इतिहास-शिक्षिका, राहणार कोचकोर, हृदय अधू पण डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाला न जुमानता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. दडपण आहे, हे मात्र नोंदवते.

१. घर आणि सफरचंदाची सहा झाडे मुलगा कुबात याला. तो शर्यत समितीचा प्रमुख आहे. येत्या एकतीस ऑगस्टला मैदानावर त्याच्या आजोबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या नावाचा दगड बसणार आहे: १९५७च्या घोडशर्यतीचे विजेते. मी हरकत घेतली तर म्हणाला, "आई, दगड कोरून झालाय. आता जुनं उकरलंस तर मला आई नाही असं समजेन." तरी घर त्याचेच. पोटचा आहे.

२. शिवणयंत्र सुनेला. तिने कधी मागितले नाही, म्हणून.

३. पुस्तकासाठी मी घेतलेल्या बायकांच्या मुलाखतींच्या एकोणचाळीस ध्वनिफिती नात बेगिमाय हिला. कुबातने त्या दोनदा मागितल्या, एकदा पेटत्या शेगडीपाशी उभे राहून. फीत सतरा, १९८६, माझ्या सासूबाई:

"हे तर पाय मोडून पडले होते गं. यांची टोपी घालून घोड्यावर वन्सं बसल्या."

"आणि बक्षीस?"

"यांच्या नावावर. पोरीला कोण देतंय!"

आमच्याकडे सून नवऱ्याचे किंवा सासरच्या माणसांचे नाव घेत नाही. सासूबाईंनी घेतले नाही, मीही विचारले नाही. वर फितीसोबतच्या कागदावर मीच लिहिले: "साक्षीदाराने नावे सांगितली नाहीत; पुरावा अग्राह्य." साक्ष बोलणाऱ्याच्या रीतीसकट वाचावी, असे मी वर्गात शिकवत होते. स्वतःवर वेळ आली तेव्हा शास्त्राआड लपले. घराबाहेर काढतील ही भीती होती. स्त्रियांच्या खेळांवरच्या माझ्या पुस्तकात म्हणून ते साल नाही.

पुढे दवाखान्याची नोंदवही सापडली: त्या दिवशी सासऱ्यांचा पाय प्लास्टरमध्ये. छायाचित्रही सापडले: विजेत्याच्या टोपीखालून वेणी सुटलेली. दोन्ही फितीसोबत ठेवली आहेत.

आत्याबाई, सासऱ्यांची बहीण, आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. गेल्या आठवड्यात चहा ओतताना म्हणाल्या, "दगड बघायला मलाही बोलावलंय बरं का. भावाची बहीण म्हणून." आणि हसल्या.

४. मी गेल्यावर चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाला रीतीप्रमाणे शर्यत ठेवलीच, तर मुली स्वतःच्या नावाने धावतील. नाहीतर नुसते जेवा.

५. १९५७ची शर्यत माझे सासरे शारशेन यांनी जिंकली नाही. ती त्यांची बहीण ऊल्कान यांनी जिंकली. दोन्ही नावे आयुष्यात आज प्रथम लिहिली. खाडाखोड नाही.

६. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. आत्याबाईंना माझ्या मरणाची वाट पाहायला लावणे म्हणजे पुन्हा पळ काढणे. म्हणून पाचवे कलम एकतीस ऑगस्टला, दगडावरचे कापड काढण्याआधी, मी स्वतः उभी राहून मोठ्याने वाचेन. दोन्ही नावांसकट.

हे सर्व माझ्या हातचे, माझ्या मर्जीचे.

सही: साबिरा मामबेतोवा

साक्षीदार: जुमागुल, शेजारीण व परिचारिका; तुरात, जनावरांचे निवृत्त डॉक्टर. दोघांनी वाचले, मग सही केली.

कोचकोर, १४ ऑगस्ट २०२४