पापलेटांतली डबी

डहाणू, मंगळवार, संध्याकाळ

त्या डबीचं आठवून अजून हसू येतंय. आणि लाजही.

माझ्या रक्ताच्या आजारावर उपाय म्हणून तीन महिन्यांपूर्वी ताईच्या मूळपेशी माझ्यात घातल्या. आता जुलाब थांबत नाहीत. तिच्या पेशी माझ्या आतड्यावर उठल्यात का, औषधांनी पोटातले चांगले जंतू मेलेत का, हे बघायला डॉक्टरांनी शी मागवली. थंड ठेवून आणा म्हणाले. ताई मासेवाली, तिला थंड ठेवायला कोण शिकवणार? सकाळी तिने शीची डबी माशांच्या पेटीत बसवली. खाली बर्फ, वर बर्फ, आणि दोन्ही बाजूंना डॉक्टरांसाठी नेलेली चार पापलेटं. मी तेव्हाच का नाही बोललो?

मुंबईला तिने डॉक्टरांसमोरच पेटी उघडली. त्यांनी डबी घेतली, पापलेटं परत केली.

"एवढी ताजी होती रे!" ताई फोनवर चिडलेली. डबीचं झाकण घट्ट होतं, हे तीनदा सांगितलं. मग एकदम आवाज बारीक करून विचारलं, "माझ्याच पेशी छळतायत का रे तुला?"

म्हटलं, "तुझा मार खायची लहानपणापासून सवय आहे."

मग म्हणाली, "आणि मारून झाल्यावर पोटाशी कोण धरायचं?"