शेवटची फळी

अण्णा, तुम्ही कधी न पाहिलेली तुमची नात चीनमध्ये आहे आणि ती घरी यायला तयार नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. इंदिरानगरमध्ये आमच्या बिल्डिंगीत ती डॉक्टर व्हायला गेलीय एवढंच माहीत आहे. संक्रांतीला हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारतात, 'शेवटचं वर्ष ना हो आता?' आणि मी तीळगूळ पुढे करत म्हणते, 'हो, होत आलं.' खरं म्हणजे पोरगी नापास झाली, ते तिनं लपवलं, आणि पुढच्या परीक्षांना ती बसलीच नाही. हे कळलं त्या दिवशी तुमचे जावई फोनवर म्हणाले, 'डॉक्टर झालीस तरच या घरात पाय ठेव.' त्यांचं तोंड तुमच्यासारखंच आहे, अण्णा. एरवी मिठाची गुळणी धरून बसतील, आणि उघडलं की समोरचा आयुष्यभर विसरणार नाही असं काहीतरी बोलून जातील. त्या दिवसापासून ती त्यांचा फोन घेईना, मग माझाही घेईना. 'मी बरी आहे' एवढाच मेसेज. शेवटी मी नोकरी करते त्या शाळेत रजेचा अर्ज टाकला आणि गेले. मुंबईचं विमानतळसुद्धा मी तोवर फक्त बाहेरून पाहिलं होतं, तेही दुसऱ्याला सोडायला गेले तेव्हा.

तिथं विमानातून उतरून आगगाडीनं पुढे गेले, त्या स्टेशनवर ती घ्यायला आली. वाळली होती. मला म्हणाली, 'आई, कॉलेजच्या गावाला नाही जायचं, मी दुसरीकडे राहते.' बसनं आम्ही नदीकाठच्या एका जुन्या व्यापारी गावात गेलो. तिथं एक म्हातारी बाई जुन्या घरात पाहुणे ठेवते. तिच्याकडे ही झाडलोट करते, पाहुण्यांशी इंग्रजीत बोलते, त्या बदल्यात राहते-जेवते. मी चिडणारच होते, पण त्या गल्लीत शिरले आणि चिडायचंच विसरले. अण्णा, ती आपली भांडीबाजाराची गल्ली होती. दगडी फरशी, दोन्ही बाजूंना खाली दुकानं आणि वर घरं, समोरासमोरची कौलं इतकी जवळ की मधून आभाळाची एक पट्टीच दिसते. छपरांची टोकं तेवढी त्यांनी वर वळवलेली, आणि दोन घरांच्या मधे पायऱ्या-पायऱ्यांची उंच पांढरी भिंत, एका घराची आग दुसऱ्या घरात जाऊ नये म्हणून. गल्ली संपते तिथून घाटाच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. पूर्वी तिथं मीठ, चहा आणि कापड भरलेल्या नावा लागायच्या म्हणे. नदी श्रावणातल्या गोदावरीसारखी गढूळ आणि भरलेली.

घराचा उंबरा गुडघ्याएवढा. मी सवयीनं त्यावर पाय न देता ओलांडून आत गेले, तर म्हातारी खूश होऊन काहीतरी बोलली. तुमची नात म्हणाली, 'पाहुणे हमखास पाय देतात, तू दिला नाहीस म्हणून म्हणतेय.' मी म्हटलं, 'तिला सांग, आमच्याकडे उंबऱ्यावर पाय दिला की पाठीत धपाटा बसायचा.' आत मधोमध उघडा चौक, चारही छपरं आतल्या बाजूला उतरलेली. पाऊस घरातच पडतो. पाणी आत आलं म्हणजे लक्ष्मी आत आली असं ती माणसं मानतात. आणि दुकानाच्या छताला एक चौकोनी भोक, त्यावर लाकडी झाकण, वर तुळईला कप्पी. नात समजावून सांगायला लागली, तेवढ्यात मीच म्हणाले, 'पुरासाठी ना? माल वर ओढायला.' ती बघतच राहिली. 'तुला कसं माहीत?' आता काय सांगू तिला? तिनं तुमचं दुकान कुठं पाहिलंय? पावसाळ्यात मला घाटावर पिटाळून तुम्ही विचारायचात, 'मारुती कुठवर बुडाला?' नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी असलं की तुम्ही निवांत पान लावायचात. कमरेला लागलं म्हटलं की मग 'चला, उचला!' दादा माळ्यावर चढलेला, खालून मी एकेक गडू, एकेक हंडा त्याच्या हातात देतेय, आणि तो वरून ओरडतोय, 'अगं हळू, पोचे पडतील, अण्णा माझ्या टाळक्यात पाडतील.'

दुसऱ्या दिवशी घाटावर बसून मी तिला खूप विनवलं. पाया पडायचंच तेवढं बाकी होतं. ती पाण्याकडे बघत म्हणाली, 'आई, मी कोणत्या तोंडानं येऊ? रिक्षा बिल्डिंगीत वळली की सगळ्या गॅलऱ्यांतनं लोक बघणार. आणि बाबांनी सांगितलंय ना.' मी म्हटलं, 'बाबा रागात बोलले गं. तुझ्यासाठी चिवडा त्यांनीच बांधून दिलाय.' ती म्हणाली, 'चिवडा दिला. ये म्हणाले का?' मी विषय बदलला. मी म्हटलं, 'तुझा व्हिसा दिवाळीला संपतो. मग कुठं जाशील?' म्हणाली, 'बघू.' अण्णा, हा शब्द मी आधी ऐकला होता. दादा घरातून निघाला तेव्हा मी जिन्यात त्याला विचारलं होतं, 'परत कधी येशील?' तोही हेच म्हणाला होता.

संध्याकाळी म्हातारी दुकानाच्या फळ्या लावायला लागली. आपल्यासारख्याच, वरखाली खाचा, एकेक फळी उचलून खाचेत घालायची आणि सरकवत न्यायची. प्रत्येकीवर तिचा क्रमांक त्यांच्या लिपीत कोरलेला. तिची कंबर दुखत होती म्हणून मी पुढे झाले. क्रमांक वाचता येत नव्हता, पण हाताला आपोआप कळत गेलं. फळ्या लागत गेल्या आणि शेवटची एक उरली. ती मी उचलली, खाचेपाशी नेली आणि तशीच उभी राहिले. म्हातारी हातानं खुणा करतेय, लाव, लाव. माझा हात पुढे जाईना. तुमची नात धावत आली. 'आई, काय झालं? दुखतंय का?'

तेव्हा मी तिला तुमचं सगळं सांगितलं. आपल्या घरचा नियम सांगितला, की जो सगळ्यांत शेवटी घरी येईल त्यानं शेवटची फळी लावायची, तोवर तेवढी फट उघडी ठेवायची. दादा बारावीला नापास झाला ते सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना तुम्ही म्हणालात, 'तुझ्यापेक्षा पितळेचा हंडा बरा, वाजवला तर निदान आवाज तरी येतो.' तो हसला, गिऱ्हाइकाला भांडं बांधून दिलं, वर घरात जाऊन पिशवी भरली आणि गेला. त्या संध्याकाळी आईनं शेवटची फळी उचलली तर तुम्ही तिच्या हातातून काढून घेतलीत. म्हणालात, 'अजून एक जण यायचाय.' पुढे त्या फटीतून मांजरं आली, पावसाची झड आली, एकदा चोर येऊन चांगली घंगाळी उचलून घेऊन गेला. पोलिसात जा म्हटलं तर तुम्ही म्हणालात, 'जाऊ दे. फट त्याच्यासाठी नव्हती, पण त्याला काय माहीत?' लोक तुम्हाला हसले. आईनंही तुमच्याशी भांडून पाहिलं. तुम्ही कुणाचं ऐकलं नाहीत.

नात मन लावून ऐकत होती. तिला एक मामा होता एवढंच माहीत. घरात त्याचा विषय निघत नाही, म्हणून तो वारला असंच ती धरून चालली होती. ती म्हणाली, 'मग मामा आला?' मी काय उत्तर दिलं ते सांगायला थोडा धीर होऊ द्या, अण्णा.

मी एकटीच परत आले. व्हिसा संपत आलाय. मी तुमच्या जावयांच्या कानाला फोन लावते, हात जोडते, 'एकदा नुसतं ये म्हणा हो. दुसरं काही नको.' ते उठून गॅलरीत जातात आणि कुंड्यांना पाणी घालत बसतात. सकाळी घातलेल्या कुंड्यांना पुन्हा. आमच्या फ्लॅटला फळ्या नाहीत, लोखंडी दार आहे, लॅच ओढलं की आपोआप लागतं. काय उघडं ठेवू? परवा भांडीबाजारातून मुद्दाम गेले. तुमच्या दुकानाला आता शटर आहे. ते एकदम खाली येतं, धाडकन. मी समोरच्या ओट्यावर बसून रडले, आणि कुणीतरी मला रामकुंडावर क्रियाकर्माला आलेली समजून पाणी आणून दिलं.

तर ऐका. ती म्हणाली, 'मग मामा आला?' आणि मी म्हटलं, 'आला.' म्हणाली, 'आणि आजोबा काय म्हणाले त्याला?' मी म्हटलं, 'काही नाही. आलास का, म्हणाले. मग फळी लाव.' तेव्हा ती रडली, मी तिथं गेल्यापासून पहिल्यांदाच. तिनं माझ्या हातातून ती फळी घेतली आणि स्वतः लावली. तुम्ही गेलात तेव्हाही ती फट उघडीच होती, अण्णा, हे मी तिला सांगितलं नाही. तुमचं सगळं वाट पाहणं मी एका शब्दात खोटं केलं. माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

आज सकाळी तिचा मेसेज आलाय. घरी येते असं नाही लिहिलेलं, येत नाही असंही नाही. एवढंच विचारलंय, 'मामा आला त्या दिवशी आजीनं त्याच्या आवडीचं काय केलं होतं?' फोन हातात धरून दुपारपासून बसलेय. खोटंच लिहायचं तर काहीही लिहिता येईल, पण हे मला खरं लिहायचं आहे. ते फक्त तुम्हाला आणि आईला माहीत होतं. दादाला काय आवडायचं, ते मला आठवत नाही, अण्णा.