चंदेरीचा तंबू

दौलतगंज, ग्वाल्हेर

चिरंजीव विहंग, सुखी अस.

आपल्या नया बाजारातली सोनिका तुमच्या मेलबर्नला मराठी शाळा चालवते. तिथल्या मुलांना गोष्टींची पुस्तकं मी पाठवते, हे तिनं तुला सांगितलेलं नाही. मीच नको म्हटलं. तुझी मिहिका त्याच शाळेत जाते, आणि तिच्या जन्माआधीच आपलं बोलणं तुटलं. कोणाचं चुकलं ते राहू दे. माझं नाव ऐकून तू लेकीला शाळेतून काढलं असतंस.

पार्सल मी अजून कापडातच शिवते. या खेपेला तू पहिल्या पगारात मला आणलेली मोरपंखी चंदेरी साडी घेतली. कापली नाही, नुसते घड्यांवर टाके घातले. कपाटात बसून काय करणार, जरा फिरून येईल.

मागच्या रविवारी सोनिकानं व्हिडिओ पाठवला. मुलांनी साडी खुर्च्यांवर ताणून तंबू केला होता. आत हिरवानिळा उजेड, जणू सगळी पाण्याखाली बसून वाचत होती. मिहिका ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचत होती. नातीला मी प्रथमच पाहिलं. गॅसवरचं दूध उतू गेलं, जाऊ दिलं.

मग तू तिला न्यायला आलास. साडीचा काठ चिमटीत धरून कितीतरी वेळ उभा राहिलास. सोनिका म्हणते, "काकू, मी तर घाबरूनच गेले." पण तू साडी घडी करून मिहिकाच्या दप्तरात ठेवलीस.

आज पुन्हा रविवार. सोनिकानं कळवलं, मिहिका शाळेत आली आहे, तूच सोडून गेलास.

तुला कळलंच आहे, तर आता हे पत्र पेटीत टाकत नाही. जांभळी साडी काढली आहे, पुढची पुस्तकं तिच्यात शिवते.

तुझी आई