माझं ओरिजिनल

३ मार्च, सोमवार
ती मंद हसणारी बाई आज एकविसाव्यांदा काढली. किळस आली. जग तिच्यापुढे रांगा लावतं म्हणे. माझ्या स्टुलावर आठवडाभर बसा म्हणावं. आमच्या नकलांच्या वर्कशॉपमध्ये जवसाच्या तेलाचा वास, टर्पेंटाइनचा वास, त्यात हातवाल्या काकूंच्या डब्यातली उकडलेली अंडी. काकू आमच्याकडे फक्त हात काढतात. चेहरे मी. अकरा वर्षं त्या दुसऱ्यांच्या चित्रांतले हात गिरवताहेत. निव्वळ पोपटपंची. निश्चय: स्वतःचं चित्र काढायचं. उद्यापासून.

४ मार्च
पाठ धरली. उद्यापासून.

९ मार्च, रविवार
विषय ठरला: बायको खिडकीशी मटार सोलते आहे. बायको म्हणाली, मटार खरोखर सोलून होणार असतील तर बसते. कलेबद्दल ही आस्था! दोन तास बसली. नाक जमलं नाही. दोष खिडकीचा. उजेड भलत्याच बाजूने येतो.

१६ मार्च, रविवार
दुसरी बैठक. चित्रात डावा हात सुजलाय का, असं बायकोने विचारलं. हाताला मी मुद्दाम वजन दिलंय, म्हणून सांगितलं. ती मटार घेऊन उठून गेली.

१८ मार्च, जेवणाच्या सुट्टीत
घोड्यावरच्या राजाचं चित्र गिऱ्हाइकाने परत पाठवलं. घोडा हसतोय म्हणे. मालक म्हणाले, मास्तर, मूळ चित्रातला घोडा गंभीर आहे. (मालक मला मास्तर म्हणतात. सगळ्यांनाच म्हणतात, पण मला म्हणताना थांबून म्हणतात.) मी म्हटलं, घोड्याला मी मन दिलंय. मालकांनी ते काढून घ्यायला सांगितलं. घेतलं. शी!

२४ मार्च, सोमवार
चित्र पूर्ण. वर्कशॉपमध्ये नेलं. मालक बराच वेळ बघत राहिले. शब्द सुचेनात बिचाऱ्यांना. मग म्हणाले, एका हॉटेलला चारही मजल्यांवर एकेक, पण एकसारखंच घरगुती चित्र हवंय, हा विषय चालेल, नकला काढू. मी ठणकावलं की मी स्वतःची नक्कल करणार नाही. मालक म्हणाले, तुम्हाला कोण सांगतंय, काकू काढतील. आता हातवाल्या काकू चेहरासुद्धा काढणार! जेवण गेलं नाही.

२७ मार्च
काकूंनी विचारलं, डाव्या हातात बाईने काय धरलंय? मटाराची शेंग, मी सांगितलं. बरं म्हणाल्या. आज डब्यातून शेंगा आणून सोलत बसल्या होत्या, स्वतःच्या बोटांकडे बघत. ज्याला कल्पनाशक्ती नाही त्याने असंच करावं.

२ एप्रिल, बुधवार
काकूंचं काम झालं. मालकांच्या पद्धतीप्रमाणे एक जादा, म्हणजे पाच. माझं धरून सहा, भिंतीला ओळीने टेकवलेली. मालक म्हणाले, मास्तर, तुमचं तुम्ही ओळखून घ्या. मी हसलो. आई आपलं लेकरू गर्दीत ओळखते. डावीकडून तिसरं. मानेवरचा तो उजेड, बोटांतला तो दमलेपणा. नवऱ्यालाच दिसेल असा. काकू काहीतरी बोलायला आल्या. मी हात वर केला.

उरलेल्या पाचांत एक इतकं भिकार की बघवेना. नाक मातीचं, डावा हात म्हणजे बटाट्यांचा ढीग. हॉटेलने हे पाहिलं तर आपली अब्रू जाईल, मी मालकांना सांगितलं. मालक म्हणाले, चार पुरेत, तुम्हाला हवं तसं करा. कॅनव्हास वाया जाऊ नये म्हणून मी स्वतः त्यावर पांढरा रंग फिरवला. दोन हात. काकू पुन्हा उठल्या, पुन्हा बसल्या. लाजल्या असाव्यात.

३ एप्रिल
चित्र घरी आणलं. बायकोने हात पुसून ते धरलं. चित्रातल्या डाव्या हाताजवळ बोट नेलं. मग म्हणाली, "अहो, हा हात माझाच आहे. तुम्ही इतकं बघत असाल असं वाटलं नव्हतं." तिचा आवाज जरा वेगळा लागला.

मग खिळ्याला अडकवायला म्हणून तिने ते उलटं केलं. मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीने लिहिलं होतं: काकू, ५.

४ एप्रिल
लवकर गेलो. पांढरा वाळलाय. नखाने खरवडून पाहिला. निघत नाही. काकू मान वर न करता म्हणाल्या, "मास्तर, मी दोनदा सांगायला आले होते."

मी म्हटलं, मला माहीत होतं, तो निर्णय होता, खरा कलावंत आपलं काम पुसतो. काकूंनी माझा ब्रश धुऊन माझ्यापुढे ठेवला. त्या ब्रशची किळस आली. ब्रशचीच, असं लिहून ठेवतो.

६ एप्रिल, रविवार
बायकोने चित्र हॉलमध्ये लावलंय. काढू दिलं नाही. दुपारी मेहुणा आला. चपला काढता काढताच थबकला. म्हणाला, दाजी, आता कुठे हात बसला तुमचा.

बायको माझ्याकडे बघत होती.

मी थँक यू म्हणालो.