चार बोटं लेस

२ फेब्रुवारी १९८१, सोमवार

नापास! पुन्हा नापास! ल्युब्लियानाहून नमुना परत आला. वर लाल शाईत — ‘पीळ सैल. पुन्हा करा.’ टपालाला नऊ दिवस लागतात. नऊ दिवसांत तिथल्या शिकवणाऱ्या बाईंना एवढंच सुचलं?

अख्ख्या इद्रिया गावात लेस न येणारी बाई मी एकटी. इथे सात वर्षांच्या पोरी डोळे मिटून विणतात. गावच्या शाळेत जावं, तर तिथे शिकवते कोण? माझी धाकटी बहीण झोरा! तिच्यापुढे पोरींच्या बाकावर बसू? मेले तरी नाही. म्हणून हे टपालाचं शिक्षण, गुपचूप.

११ फेब्रुवारी

पाठ दुसरा परत वाचला. चित्रात बाण इकडे, मजकूर तिकडे. माझी शाळा चौथीपर्यंत. बोट ठेवून वाचते. शेवटी निघालं काय? सूत गुंडाळलेल्या चार दांड्यांपैकी आतल्या दोन एकमेकींवरून ओलांडायच्या, मग दोन्ही जोड्यांना पीळ द्यायचा. बस्स! मग चार पानं कशाला खरडलीत?

१९ फेब्रुवारी

आईने वैताग आणलाय. मी धुण्याच्या खोलीत दार लावून लेस विणायचा लोड पुढ्यात घेते, टाचण्या खोचते, दांड्या हलवायला लागते — की पलीकडच्या खोलीतून तिची काठी. ठक! पळत जावं तर “काही नाही.” परत बसावं, परत ठक! तीन वर्षांपूर्वी तिचे डोळे गेले. जीभ आणि काठी शाबूत आहेत.

२२ फेब्रुवारी, रविवार

झोरा जेवायला आली. बटाटा भरलेले झ्लिक्रोफी दोनदा वाढून घेतले. मग आईच्या लोडाकडे बघून म्हणते, “ताई, ईस्टरआधी हा मी घेऊन जाते. आईने चर्चला कबूल केलेली लेस, एक कोपरा तर उरलाय.”

मी म्हटलं, “राहू दे. तो कोपरा मी करीन.”

हसली! “तू? अगं ताई, तुझे हात पातेल्यांचे!”

 मी दहा वर्षांची होते तेव्हा आईच म्हणाली होती, “अल्बिनाचे हात जड आहेत. झोराला बसवते लोडावर.” आणि मला खाणीच्या स्वयंपाकघरात धाडलं. चाळीस वर्षं झाली. अजून डोकं भणभणतं.

कोपरा मीच करणार. ईस्टरच्या आत. कोपऱ्याचा पाठ चौथा. मी दुसऱ्यातच!

१ मार्च

कळलं! मी चुकले की काठी वाजते. आई दांड्यांच्या आवाजावरून ओळखते! मुद्दाम चुकून बघितलं — ठक.

तणतणत गेले. म्हटलं, “चाळीस वर्षं एक टाका शिकवला नाहीस, आणि आता चुका मोजतेस?”

“मी कुठे शिकवतेय? तुझी ल्युब्लियानाची बाई शिकवतेय ना!”

८ मार्च

महिला दिन. मी आता स्वयंपाकाला असते त्या दवाखान्यात आम्हा सगळ्या बायांना एकेक कार्नेशनचं फूल. नंतर भांडी आम्हीच घासली.

२७ मार्च

तिसरा पाठ पास. बाईंनी लिहिलं — ‘ठीक.’ शाई संपली होती का?

१० एप्रिल, शुक्रवार

चौथा पास! ‘उत्तम’! दोनदा वाचलं.

झोरा परवा लोड न्यायला येणार. उद्या मला सुट्टी. आईला सांगून टाकलं, “उद्या तुझ्या कोपऱ्याला बसतेय.”

“गरज नाही.”

गरज नाही! काय बाई आहे ही!

११ एप्रिल

आई दिवसभर शेजारच्या फ्रान्चिश्काकडे, उद्याच्या झावळ्यांच्या रविवारसाठी चर्चला न्यायच्या डहाळ्यांच्या जुड्या बांधायला. बरं झालं म्हटलं. तिच्या लोडावरचा फडका काढला.

तीन वर्षं बांधून ठेवलेल्या दांड्या सुटलेल्या! जुनी लेस संपते तिथून पुढे चार बोटं नवीन काम. मी दवाखान्यात गेले की बसत असणार. आंधळी बाई! नक्षीच्या कागदावरची भोकं चाचपून टाचण्या बरोबर खोचल्यात. पण जोड्या — एक जोडी धड नाही. ओलांडायचं तिथे पीळ, पिळायचं तिथे काहीच नाही. आणि तिला पत्ता नाही. टाचण्या उभ्या असेपर्यंत बोटांना काय कळणार?

घरात तेव्हा काठी आपटायला कोणी नव्हतं.

सकाळी उसवलं. संध्याकाळपर्यंत विणलं. ती थांबली होती त्याच टाचणीपर्यंत. पुढे एक टाचणी नाही. दांड्या होत्या तशा पसरल्या, वर फडका.

१२ एप्रिल, रविवार

झोरा आली. आईने तिच्याकडून मागच्या टाचण्या काढवल्या आणि कोपऱ्यावरून बोटं फिरवली. दोनदा.

“बघ झोरा. डोळे गेले, हात नाही गेला माझा.”

झोरा लेसकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिली.

मी म्हटलं, “नाही गेला, आई.”