बाबा आणि इन्स्टंट कॉफी

३ मार्च, सोमवार
ठरलं म्हणजे ठरलं. आई रविवारी धाकट्याकडे कायमची राहायला जाणार. आमचे तीन जिने चढवत नाहीत, हे वरवरचं कारण. खरं कारण, धाकटा गोड बोलतो. पण जाताना बाबांचा फोटो तिच्या हातात असेल आणि तो मी दिलेला असेल. मग बघू कोण मोठा मुलगा ते!

बाबांचा धड असा एकही फोटो घरात नाही. आहे ती फक्त एक निगेटिव्ह, तळहाताएवढी. ते गेले तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, मी ती डिक्शनरीत जपून ठेवली आहे. ही म्हणाली, स्टुडिओवाल्याकडे टाका, तासाभरात देईल. अहो, बाबांचा चेहरा परक्याच्या हातात द्यायचा? मी स्वतः धुणार. तोही कॉफीत. नेटवर सगळं आहे. इन्स्टंट कॉफी, सोडा, व्हिटॅमिन सी. फोटोचा कागद आणि चित्र पक्कं करणारा फिक्सर तेवढे विकतचे. तीन मिनिटांत चित्र. शेंबडं पोरसुद्धा करेल.

४ मार्च, मंगळवार. रजा.
दुपारी २.१० : बाथरूमच्या खिडकीला दुहेरी चादर. लाल बल्ब. हिचे तीन ट्रे (विचारलं नाही). पुस्ती : कृतीत ‘धुण्याचा सोडा’ लिहिलाय. धुण्याचा! बाबांच्या तोंडाला! ज्याने लिहिलं त्याला वडील नसतील. मी खायचा सोडा घातला. शुद्ध, स्वयंपाकघरातला.

२.३५ : निगेटिव्ह कागदावर, वर काच, दिवा चार सेकंद. कागद कॉफीत.

२.३८ : काही नाही.

२.५५ : अजून काही नाही. बाबा मुळातच सावकाश माणूस.

३.२० : कागद कोरा, जरासा चहाच्या रंगाचा. कॉफीत भेसळ. पंधरा वर्षं ज्याच्याकडून किराणा घेतला त्याने गळा कापला. व्हिटॅमिनच्या गोळ्या संत्र्याच्या वासाच्या निघाल्या. बाथरूममध्ये आता जो वास आहे त्याला नाव नाही.

५ मार्च, बुधवार. रजा.
धुण्याचा सोडा घातला. केवळ तो निकामी आहे हे सिद्ध करायला.

२.४० : कान! आधी डावा कान आला, मग कॉलर. डोळ्यांत पाणी आलं हो. लगेच नोंद करतोय.

२.४२ : सगळं काळं.

३.३० : तीन कागद काळे. कारण उघड आहे. मी आत असताना ही पॅसेजमधला दिवा लावते आणि दाराच्या फटीतून उजेड येतो. स्पष्ट विचारलं. तर उलट मलाच विचारते, अहो, आत अंधारात तुम्ही वहीत लिहिता कसं? म्हटलं, टॉर्च लावून. शास्त्रीय काम आहे, वेळेच्या नोंदी नकोत? त्यावर गप्प बसली. हरली की गप्प बसते.

संध्याकाळी आई आणि ही ‘जरा फिरायला’ म्हणून बाहेर. तीन जिने उतरून आणि परत चढून! दम लागला नाही. आता जिने बरे चढवतात. धाकट्याला हे कळवलं पाहिजे.

६ मार्च, गुरुवार. अर्धी रजा.
निगेटिव्ह डिक्शनरीत ‘प’मध्ये ठेवली होती, ‘म’मध्ये सापडली. हिची साफसफाई. माझ्या वस्तूंना हात लावू नये असा ठराव या घरात तीनदा झाला आहे.

२.५० : शेवटचा कागद. काळा. आईची बॅग हॉलमध्ये भरून तयार आहे, ती दिसते आहे डोळ्यांसमोर. रागाने कागद फिक्सरमध्ये, तिथून पाण्याच्या बादलीत. जेवायला गेलो. जेवण गेलं नाही. आई आंघोळीला गेली.

३.४० : आई बाहेर येऊन म्हणाली, अरे, बादलीत बघ जरा.

बाबा! साक्षात बाबा! चष्म्याची काडीसुद्धा दिसते आहे. उगीच लोक फिक्सर-डेव्हलपर करत बसतात. खरं काम पाण्याचं. कागदाला निवांत पडू द्यावं लागतं. इतरांच्या प्रिंटा म्हणे कॉफीने तपकिरी होतात, माझी दुधासारखी शुभ्र. शिवाय आकार दुप्पट झाला. कागद पाण्यात फुगतो हे ऐकून होतो, पण इतका? काळा कागद कुठेच सापडला नाही. सापडणार कसा, तोच तर गोरा झाला.

आई रडली. हिनेही डोळे पुसले. मला वाटतं, आई आता जायचं रद्द करेल.

७ मार्च, शुक्रवार
ऑफिसात फोटो फिरवला. अकाउंटंट म्हणाला, लेक्चर द्या. विषय ठरवला : ‘कॉफी, पाणी आणि संयम’. मुद्दे रविवारनंतर काढेन.

आईने जायचं रद्द केलेलं नाही. विसरली असेल.

८ मार्च, शनिवार
फ्रेमसाठी स्टुडिओत गेलो. मुद्दाम त्याच्याचकडे. जळू दे मेल्याला. त्याने फोटो उलटसुलट केला आणि म्हणाला, साहेब, ही तर माझीच प्रिंट. बुधवारी तुमच्या आई आणि मिसेस येऊन दोन कॉप्या करून घेऊन गेल्या. आई दोनदा विचारत होत्या, पाण्यात टाकली तर खराब होणार नाही ना?

घरी कसा आलो माहीत नाही. विश्वासघात! बायको सामील. धाकटा सामील, फोन केला तर त्याला सगळं आधीच ठाऊक होतं. स्टुडिओवाला सामील. आणि आई. माझी आई!

ती बॅगेत साड्यांच्या मधोमध दुसरी कॉपी ठेवत होती. मी ओरडलो, तुझा माझ्यावर विश्वास नव्हता? तिने साडीची घडी मोडली नाही. म्हणाली, होता रे. अकरा वर्षं होता. पण आताशा डोळे मिटले की त्यांचा चेहरा येईना. नाक आठवायचं, आवाज आठवायचा, चेहरा नाही. मग काय करू?

मी तासभर अबोला धरला. तिला तो कळला की नाही, शंका आहे.

९ मार्च, रविवार
धाकटा सकाळी गाडी घेऊन आला. दादा, कॉफी मिळेल का, म्हणाला. घरात शिल्लक नव्हती.

आईने बॅग डिकीत ठेवू दिली, फोटो मात्र मांडीवर घेतला. मी खिडकीशी वाकून म्हणालो, पुढच्या वेळी येशील तेव्हा मी स्वतः केलेली प्रिंट तयार असेल. नक्की. ती म्हणाली, बरं.

अकरा वर्षं मी सांगत होतो आणि ती अगदी अशीच ‘बरं’ म्हणत होती. मला वाटायचं, ती वाट बघते आहे.